‘घासाघीस करायची सोय आहे का?’

तुमचा प्रश्न वाचून आधी मी मनसोक्त हसले, त्याबद्दल माफ करा. तुम्ही इंदूरला वाढलात, घरात मराठी पण बाजारात हिंदी. बदली होऊन सोलापूरला आलात आणि शनिवारी सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, टॉवेलवाल्या काकांना सरळ विचारलंत, "काका, तुमच्याकडे घासाघीस करायची सोय आहे का?" काका म्हणाले, "आम्ही भांडी विकत नाही ओ ताई." दुकानातली पोरं खिदळली आणि तुम्ही काही न घेताच बाहेर पडलात. आता तुम्ही विचारताय की हा शब्द अपमानाचा आहे का, ‘भाव करणे’ आणि ‘घासाघीस करणे’ यात फरक काय, सोलापुरात नेमकं किती कमी मागायचं असतं, आणि त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकावं की नाही.

मी चाटी गल्लीच्या बाजूला चादरी, टॉवेल आणि साड्यांचं दुकान बघते. 31 वर्षं झाली. लग्न होऊन साताऱ्याकडून इथं आले, दीड महिन्यात मामंजींनी गादीवर बसवलं, तेव्हापासून रोज हेच काम. मीही सुरुवातीला शब्दांवरून चांगलीच तोंडावर पडले होते, ते पुढं सांगते. त्यामुळे हसले असले तरी तुमच्या बाजूनंच हसले असं समजा.

तुम्हाला अर्थ बरोबर माहीत होता. घासाघीस म्हणजे भावावरून होणारी ओढाताण, यात काही चूक नाही. चुकलं ते हा शब्द कुणी, कुणासमोर आणि कधी काढायचा, यात. मराठीत काही शब्द असे आहेत की ते करणारा माणूस करताना स्वतः म्हणत नाही. ‘टाळाटाळ’ घ्या. "मी आता तुमच्याशी टाळाटाळ करणार आहे," असं कुणी म्हणतं का? ‘कुरकुर’, ‘चालढकल’ यांचंही तसंच. ही नावं बघणारा देतो, किंवा सगळं झाल्यावर सांगणारा देतो. घासाघीस याच गोतावळ्यातला शब्द आहे. गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, "खूप घासाघीस केली तेव्हा कुठं पन्नास कमी केले." दुकानदार गिऱ्हाईक गेल्यावर म्हणतो, "टॉवेल एक घेतला आणि घासाघीस अर्धा तास." पण समोरासमोर बसून "चला, घासाघीस करू या" असं आमंत्रण कुणी देत नाही. तुम्ही ते दिलंत, म्हणून पोरं हसली. अपमान कुणाचाच झाला नाही.

एक अपवाद आहे. दुकानदार स्वतः हा शब्द तोंडावर वापरतो, पण नकार देताना. "ताई, घासाघीस नको, द्यायचं सांगते." हे वाक्य ऐकलंत तर रागवू नका. त्याचा अर्थ दार बंद झालं असा नसतो. पुढचा आकडा खरा आहे, त्याच्या खाली फार जागा नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

आता शब्दाच्या आतलं. ‘घासणे’ तर उघड आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाला, म्हणजे ‘घीस’ला, एकटं काही अस्तित्व नाही. साफसूफ, झाडझूड यांत जसा दुसरा तुकडा पहिल्याचा स्वर बदलून मागं येतो, तसाच हा. अशा जोडशब्दात बहुतेक वेळा क्रिया पुन्हा पुन्हा होते असं ऐकू येतं, आणि इथं तर तेच मुख्य आहे. तुम्ही एकदा विचारलं, मी एक आकडा सांगितला, तुम्ही थोडं कमी म्हणालात, मी हो म्हटलं: हे झालं ‘भाव करणे’. तीन-चार फेऱ्या झाल्या, दर फेरीला दोघींनी पाच-दहा रुपये सोडले, मध्ये एकदा चादर घडी करून बाजूला ठेवली आणि पुन्हा उलगडली: ही घासाघीस. त्याच्यापुढं आवाज चढला, "मागच्या वेळेलाही तुम्ही असंच केलं" असं मालावरून माणसावर आलं, की तिला ‘हुज्जत’ म्हणायचं. हुज्जत ‘घालतात’, घासाघीस ‘करतात’, आणि भाव ‘करतात’ किंवा ‘पाडतात’. भाव पाडणाऱ्याला मात्र आम्ही जरा वचकून असतो. बहुधा तोही धंद्यातलाच असतो.

अर्थात या रेघा कुठं ओढायच्या हे सांगणाऱ्यावर आहे. एकाच दुपारी एकाच दुकानात तिघी बायका सारखंच बोलून आल्या तरी घरी गेल्यावर सांगणं असं असतं: मी भाव केला, नणंदेनं घासाघीस केली आणि शेजारणीनं हुज्जत घातली. वर्तमानपत्र वाचतानाही बघा. दोन कंपन्या बसल्या तर ‘वाटाघाटी’ होतात. दोन पक्ष जागावाटपाला बसले की ‘घासाघीस’ चालते. आणि लग्नघरात हुंड्या-मानपानावरून रात्रभर जे चालतं त्याला ‘बोलणी’ म्हणतात, घासाघीस म्हणायची कुणाची छाती नाही. काम तेच असतं, शब्द माणसं बघून लावतात.

तुम्ही लिहिताना ‘घासाघीसमध्ये’ असं लिहिलंय, तेही चालून जाईल. पण बोलताना ‘घासाघिशीत’ म्हणा. आरास, आराशीत; म्हैस, म्हशीला; तसं घासाघीस, घासाघिशीत. शब्द स्त्रीलिंगी आहे. फार घासाघीस झाली.

सोलापुरात आणखी एक गुंता आहे, आणि तो तुम्हाला इंदूरला बसून कळला नसता. आमच्या दुकानात तासाभरात चार भाषा येऊन जातात. अक्कलकोटकडची, विजापूरकडची गिऱ्हाइकं कन्नड बोलतात. पूर्व भागातली पद्मशाली विणकर मंडळी घरात तेलुगू बोलतात. उर्दू-दखनी आहेच. प्रत्येक भाषेत या कामाला आपला शब्द आहे आणि प्रत्येक शब्दाची चव निराळी. तेलुगूत ‘बेरम्’ म्हणतात. तो शब्द सौद्यालाही चालतो, धंद्यालाही चालतो, त्यात ओरखडा असा काही नाही. दखनीवाले तुमच्यासारखंच मोलभाव म्हणतात. आणि कन्नडमध्ये आहे ‘चौकाशी’.

याच चौकाशीनं मला गादीवरच्या पहिल्या महिन्यात धडा शिकवला. एक कन्नड आज्जी चादर बघत होत्या. मामंजी पलीकडच्या गादीवरून मला म्हणाले, "त्या चौकाशी करतायत, बोल त्यांच्याशी." मी साताऱ्याची. मला ऐकू आलं ‘चौकशी’. मी सुरू झाले: सूत कुठलं, रंग कसा टिकतो, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात कशी भिजवायची, उन्हात उलटी का वाळत घालायची. आज्जींनी पाच मिनिटं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग अगोदरचाच आकडा पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा सुताबद्दल सांगायला लागले. मामंजी हसून हसून लोडावर कलंडले. कन्नडमध्ये चौकाशी म्हणजे चौकशी नव्हे, घासाघीस! नंतर कुठल्या गिऱ्हाइकाला "चौकाशी माडब्याड्री" म्हणायचं आणि कुठल्या गिऱ्हाइकाला तेच मराठीत सांगायचं हे आपोआप जमलं. पण आजही नवीन पोरगं कामाला लागलं की मी त्याला हा किस्सा पहिल्याच दिवशी सांगते.

चाटी गल्लीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. ‘चाटी’ हा कापडविक्याला जुना मराठी शब्द आहे. आता बोलण्यात राहिला नाही, गल्लीच्या पाटीवर राहिला. जुन्या व्यापाऱ्यांची अशी एक गुपित बोलीही होती, तिला नंदभाषा म्हणतात. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोर दोघा भागीदारांना आपसात आकडा बोलायचा असेल तर हे शब्द. मामंजींना दहापर्यंत येत होते, वापरताना मात्र मी त्यांना दोन-तीनदाच ऐकलं. आता त्याची जागा चिठ्ठीनं घेतली आहे. दुकानात साडीला किंवा चादरीला लावलेल्या चिठ्ठीवर किमतीशिवाय दोन-तीन अक्षरं दिसतात ना, ती म्हणजे आमची खरेदी. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक मंत्र ठरवलेला असतो, एकेका अक्षराला एकेक आकडा. काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी गोड बोलत असताना डोळ्यानं ती अक्षरं वाचत असतो आणि किती खाली यायचं ते तिथंच ठरतं. आमचा मंत्र मी इथं लिहिणार नाही, हे ओघानं आलंच.

आता तुमचा तिसरा प्रश्न. किती कमी मागायचं? "निम्म्यानं मागावं" असा सल्ला तुम्हाला ऑफिसात कुणीतरी दिला म्हणताय. तो विसरा. सगळीकडे लागू पडेल असा आकडा नाही. माल कुठला, दुकान कुठलं, नग किती, रोख की उधार, दिवस कुठला यावर सगळं आहे.

काही ठिकाणी प्रश्नच येत नाही. ‘एकच भाव’ अशी पाटी असेल तर ती मानावी. निदान पहिल्या भेटीत तरी. पॅकबंद मालावर छापील किंमत असते. ती ‘कमाल’ किरकोळ किंमत आहे, म्हणजे त्याहून जास्त घेता येत नाही. कमी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे विचारण्यात गैर काही नाही, पण किराणा दुकानदार बिस्किटाच्या पुड्यावर काय सोडणार? मंगळवार बाजारात भाजी घेताना मी स्वतः दर पाडत नाही, वर काहीतरी मागते. "दोन मिरच्या टाका की मावशी वर." तीही खूश, मीही खूश. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितलात तर तुम्हाला आणखी गंमत दिसेल. तिथं घेणारे एकमेकांवर चढतात, भाव वर जातो. घासाघिशीत घेणारा एकटा असतो आणि भाव खाली येतो. लिलावाला म्हणूनच कुणी घासाघीस म्हणत नाही.

आणि कधी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात गेलात तर जुना प्रकार बघायला मिळेल: रुमालाखाली हात. घेणारा आणि विकणारा, किंवा मधला दलाल, हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकून बोटं दाबून आकडे बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी खिलार जोडी कितीला मागितली ते कुणाला कळत नाही. पडेल भावात द्यावी लागली तरी चारचौघांत लाज नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मागचा आकडा ठाऊक नाही. तिथं मात्र घासाघीस अगदी अक्षरशः चालते, बोटाला बोट घासून.

चादरीचं मी स्वतःच्या दुकानावरून सांगते. समजा एक चादर मला 470 रुपयांना घरपोच पडली. भाडं, वीज, मुलांचे पगार, पडून राहणारा माल हे सगळं धरलं तर तिच्यामागं साठेक रुपये जातात. मी 650 बोलते. का? कारण 580 बोलले तर तुम्ही 580 ला घेणार नाही, 500 म्हणाल. हे मला आवडतं असं नाही. एका दिवाळीत मी हट्टानं सगळ्या चादरींवर शेवटचेच भाव लावले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की यात कमी होणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेजारच्या दुकानात जाऊन तीच चादर वीस रुपये जास्त देऊन, शंभर कमी केल्याच्या आनंदात घेतली. संक्रांतीच्या आत मी जुन्या वाटेवर आले. तर 650 बोललेली चादर एक नग असेल तर 580 ते 600 ला जाते. चार घेतल्या तर नगाला 560. तुम्ही 325 म्हणालात तर मी हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेन. राग म्हणून नाही. तुम्हाला मालाचा अंदाज नाही हे मला कळलं, आणि आता आपल्याला बोलायला जागाच उरली नाही. आमच्या धंद्यात पहिला आकडा हा तुमची ओळख असतो. पाच-दहा टक्क्यांनी कमी म्हणालात तर मी तुम्हाला जाणकार समजते, पंधरा म्हणालात तर घासायला बसलेली समजते.

हे प्रमाण माझ्या दुकानाचं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते तेव्हा, तिथल्या तात्पुरत्या स्टॉलवर बोललेला भाव आणि द्यायचा भाव यांत पुष्कळ अंतर असतं. उद्या तो विक्रेता दुसऱ्या गावी असणार, तुम्ही पुन्हा भेटणार नाही, तो कशाला जपून बोलेल?

पण खरं सांगू का, चादर घेताना तुम्ही रुपयांपेक्षा कापड घासावं. हे मामंजींचं वाक्य. गिऱ्हाईक भावावर फारच अडून बसलं की ते खिशातला पांढरा रुमाल काढायचे, पाण्यात बुडवून पिळायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "घासा. रंग लागला तर फुकट न्या." सराफ कसोटीवर सोनं घासतो तसं. गिऱ्हाईक चादरीचा गडद पट्टा दोन मिनिटं घासायचं, रुमालावर काही यायचं नाही, आणि मग भावाचं बोलणं आपोआप नरम पडायचं. मी अजून हे करते. फक्त माझा रुमाल काउंटरखाली असतो.

याचं कारणही आहे. सोलापुरी चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरगावचा हलका माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो. इथली जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली चादर हातात घेतली की जड लागते, आणि नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, एका बाजूला जो रंग तळाला तो दुसऱ्या बाजूला नक्षीला. छापलेली नक्षी असेल तर उलटी बाजू फिकट दिसते, तिथंच कळतं. तेव्हा दुकानदार दोनशे रुपये झटकन उतरला म्हणून हरखून जाऊ नका. चादर उलटून बघा, वजन करायला सांगा. आम्ही सगळे काटा ठेवतो, मागितला की देतो. "वजन सांगा" हे शब्द ऐकले की दुकानदाराचा बोलायचा सूरच बदलतो, हे तुम्ही करून बघाच.

आणि घासाघीस फक्त गिऱ्हाईक करतं असं नाही. आम्ही ती यंत्रमागवाल्याशी करतो, आणि तिथली जास्त कडक असते. सुताचा भाव चढला की त्याला नगामागं वाढवून हवं असतं, आम्हाला जुनाच भाव हवा असतो. तिथं रुपयांइतकंच दिवसांवर चालतं. रोख दिलं तर तो कसर सोडतो, दोन महिन्यांची उधारी म्हटलं की भाव वेगळा. कधी आकडा तोच राहतो आणि गठ्ठ्यामागं एक चादर वर मिळते. कागदावर भाव कमी झालेला दिसत नाही, दोघांचा मान राहतो. घासाघीस रुपयांतच व्हावी असं कुठं लिहिलेलं नाही. तुम्हीही टॉवेलचा भाव उतरत नसेल तर एक हातरुमाल वर मागा. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायच्या आधी रुमाल पिशवीत पडलेला असतो.

लग्नाचा बस्ता बांधताना तर हे रंगात येतं. एकेका साडीला घरातल्या बायका घासतात, दोन तास जातात. मग शेवटी बिल होतं आणि इतका वेळ दाराशी तंबाखू मळत बसलेले घरातले मोठे काका उठून येतात. "किती झाले? 41,860? वरचे सोडा." वरचे म्हणजे साठ नव्हेत हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. साड्यांच्या वेळी आम्ही काही जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली असते. काकांना रिकाम्या हाती परत पाठवलं तर पुढचा बस्ता त्या घरातून येत नाही.

मग तोंडानं काय म्हणायचं? भाव ऐकल्यावर लगेच आकडा बोलू नका. "बरोबर लावा की ओ" एवढंच म्हणा. सोलापुरात हे वाक्य रोज शंभरदा ऐकू येतं. त्यात मागणं आहे, पण आकडा नाही, त्यामुळे आधी उतरायचं काम समोरच्यावर पडतं. तो थोडा उतरला की मग तुमचा आकडा. "द्यायचं बोला" हे त्यानंतरचं, म्हणजे आता खरा भाव सांगा. त्यावर तो उलट म्हणेल, "तुम्ही घ्यायचं बोला." इथं बोललेला आकडा पाळावा लागतो. तुम्ही 560 म्हणालात आणि त्यानं "घ्या" म्हटलं, तर "जरा विचार करते" म्हणून उठता येत नाही. उठलात तर बेकायदा काही नाही, पण ते चेहरे लक्षात ठेवतात. मीही ठेवते. "शेवटचं किती?" हे सुरुवातीलाच विचारणं फुकट आहे, कारण सुरुवातीला सांगितलेलं शेवटचं कधीच शेवटचं नसतं. हाक मारताना वयस्क माणसाला काका, मामा किंवा अण्णा. अण्णा इथं सगळ्या भाषांत चालतं. बाई असेल तर अक्का किंवा मावशी. तुम्हाला ‘मोलभाव’ म्हणायची सवय आहे, तो शब्दही इथं सगळ्यांना कळतो. पण शब्द कशाला हवा? भाव करायचा असतो, त्याचं नाव घ्यायचं नसतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही गेलात ती वेळ बघा. शनिवारी सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं. म्हणजे बहुतेक भवानी व्हायची होती. दिवसाच्या पहिल्या विक्रीला कुणी बोहनी म्हणतं, आमच्याकडे भवानी. पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून दुकानदार एरवीपेक्षा थोडा जास्त उतरतो, पण त्याच गिऱ्हाइकानं माल बघायच्या आधी घासाघिशीचं नाव काढलं तर त्याच्या पोटात गोळाही येतो. काकांचं भांड्यांवरचं बोलणं मला तरी त्यातलं वाटतं. विनोद केला आणि लगेच जीभ चावली असेल, कारण भवानी गेली.

तेव्हा खुशाल परत जा. त्यांनी सांगितलेल्या भावाला नाही म्हणून तुम्ही उठला असतात तर गोष्ट निराळी होती. मग परत गेल्यावर त्यांचा शेवटचा आकडा मुकाट्यानं द्यावा लागतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नाही. तुमच्यात तर अजून आकडाच झालेला नाही. सकाळीच जा, दोन टॉवेल हातात घ्या, उलटून बघा, "काय लावले अण्णा?" म्हणा. त्यांनी ओळखलं तर आधी तुम्हीच म्हणा, "आज भांडी नकोत, टॉवेलच द्या." ते चहा सांगतील. चहा आला की मात्र दोनाचे चार टॉवेल होतात, तेवढे पैसे बरोबर ठेवा.